डेट जवळ आली आहे

आमच्या वहिनीचं कोकणमेव्याचं ऑनलाइन दुकान आहे. आंबापोळी, फणसपोळी, आगळ, कुळथाचं पीठ, मेतकूट. इंटरनेटवर ते फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात ते धायरीतल्या एका गाळ्यात आहे, जिथे पंखा लावला की पीठ उडतं आणि बंद केला की माणसं घामाने निथळतात. मी कॉम्प्युटरमधला, घरच्यांच्या मते म्हणजे प्रिंटरपासून गिझरपर्यंत कशातलाही. तेव्हा मुदत संपत आलेल्या मालाची आठवण स्टाफला आपोआप जायला हवी, असं ठरलं आणि वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम."

रस्त्यावरच्या दुकानात ही राखण गिऱ्हाईक फुकटात करतं. पुडा उलटा करतं, चष्मा कपाळावर चढवतं आणि "मागचा द्या हो" म्हणतं. ऑनलाइन दुकानात मागचा-पुढचा काही नसतो. फोटोतली आंबापोळी बारा महिने मे महिन्यातलीच असते. खरी तारीख कळते पार्सल फोडल्यावर, आणि मग दुकानाला एक स्टार मिळतो. त्यात अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआयने २०२४च्या नोव्हेंबरात ई-कॉमर्सवाल्यांना बजावलं, की ग्राहकाच्या हाती पडताना मालाची ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस तरी शिल्लक असले पाहिजेत. सहा महिन्यांच्या मेतकुटाचे ३० टक्के धरले तर ५४ दिवस. वर कुरिअरचे दिवस वेगळे. म्हणजे पाकिटावरची तारीख गिऱ्हाईकासाठी. आमच्या हिशेबात मेतकूट त्याआधी दोन महिने निवृत्त होतं.

यावर गोदामशास्त्राचा तोडगा सोपा आहे : ज्याची मुदत आधी संपते, तो माल आधी बाहेर काढा. आमच्या आजीने हेच शास्त्र आयुष्यभर पाळलं. आधी शिळी पोळी संपवायची, मग ताजी. शिळी संपेपर्यंत ताजी शिळी व्हायची, त्यामुळे आमच्या घरात ताजी पोळी फक्त पाहुण्यांनी खाल्ली. गाळ्यात मात्र उलटं चालतं. टेम्पोवाला घाईत असतो, नवे खोके पुढे लागतात आणि जुने भिंतीला टेकून चिंतन करत बसतात.

मी शीट केलं. माल, बॅच, रॅक, तारीख. रोज सकाळी नऊच्या सुमाराला स्क्रिप्ट चालायचं आणि मुदत जवळ आलेल्यांची यादी निघायची. पहिल्याच यादीत मेतकुटाची एक बॅच होती, मुदत संपून ४५ हजारांहून जास्त दिवस झालेली. कोणीतरी तारखेचा रकाना मोकळा सोडला होता. मोकळं म्हणजे शून्य, आणि या शीटच्या पंचांगात शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९. राणी व्हिक्टोरिया गादीवर आणि आमचं मेतकूट रॅक नंबर तीनवर. पॅकिंगच्या मावशींनी यादी शांतपणे वाचली आणि विचारलं, "मग टाकायचं का?"

दुसरी गंमत अमेरिकेची. शीटला कोणी देश सांगितला नव्हता, त्यामुळे ते आपलं आपण अमेरिकेत राहत होतं. तिथे महिना आधी, दिवस मागून. पाच सहा म्हणजे त्याला सहा मे. पण तेरा सहा लिहिलं की तेरावा महिनाच नाही, म्हणून ती तारीख न राहता नुसती अक्षरं व्हायची आणि त्या मालाची आठवण कधीच यायची नाही. थोडक्यात, बारा तारखेनंतर मुदत संपणारा सगळा माल अमर.

देश बदलला, रकाने सक्तीचे केले. यादी बरोबर निघू लागली आणि ई-मेलने जाऊ लागली. आता, मावशींचा ई-मेल त्यांच्या मुलाने नवा फोन चालू करण्यापुरता काढला होता. पासवर्ड त्यालाही आठवत नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला लागलो. तिथे सूर्योदय, विठ्ठल, कोणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस आणि मधे "आंबापोळी, बॅच ७, मुदत जवळ". खाली चार अंगठे. अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' नसून 'दुसरा कोणीतरी बघेल' असा आहे, हे ग्रुप चालवणाऱ्याला लवकर कळतं. सगळ्यांना पाठवलेली आठवण कोणाचीच नसते.

मग ज्याचं रॅक त्यालाच निरोप, नावानिशी : कुठला खोका, किती नग. त्यावर मावशींचा व्हॉइस मेसेज आला. मागे सेलोटेप फाडल्याचा कर्र आवाज. "भाऊजी, ते खोके मला पाठ आहेत. रोज त्यांना वळसा घालूनच जाते मी. त्यांचं करायचं काय, तेवढं बोला."

करायचं काय, हे दादाने सांगायचं होतं. आणि दादाचं सवलतीबद्दल मत असं, की लोकांना सवय लागते. किंमत कमी करायची नाही, माल वाटायचा नाही, फेकायचा तर मुळीच नाही, "बघू" म्हणायचं. सगळ्या गाळ्याला माहीत होतं की माल संपत आलाय. यंत्राने त्यांना फक्त तेच रोज नऊला सांगितलं.

तेव्हा निरोपाची दिशा बदलली. आता आठवण एकट्या दादाला जाते आणि शेवटी एक ओळ असते : दोन दिवसांत उत्तर न आल्यास ४० टक्के सवलत आपोआप लागू होईल. जो माणूस लग्नाच्या पत्रिकेला आठवड्याने उत्तर देतो, त्याचा फोन दोन मिनिटांत आला. "थांबव ते." मी म्हटलं, मग सांग काय करू. तो "बघू" म्हणाला. शीटला "बघू" समजत नाही, त्यामुळे सवलत लागली.

दुपारपर्यंत बॅच ७ संपली. निम्म्याहून जास्त पाकिटं एकाच ऑर्डरमध्ये, राजापूरला. पत्ता वहिनीच्या मामांचा. आंबापोळी आम्हाला पुरवतात तेच मामा. एवढ्या स्वस्तात घरी करूनही परवडत नाही, म्हणाले.

मावशींनी खोका भरायला घेतला. आधी मात्र मार्कर मागून घेतला आणि प्रत्येक पाकिटाच्या मागे, कोपऱ्यात, बारीक फुली मारली. "परत आपल्याकडेच आली," त्या म्हणाल्या, "तर ओळखता यायला नको?"