दुरुस्तीचं बिल कुणाच्या नावावर?

डोक्यावर केस लावायचं पॅकेज असतं, नाक सरळ करायचं असतं, पोटाची चरबी काढायचं असतं. सोबत आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि बिनव्याजी हप्ते. पण ऑपरेशन बिघडलं, जखमेत पू झाला, तर पुढच्या ऑपरेशनचे पैसे कोण देणार? जाहिरातीत ही ओळ शोधून सापडत नाही. आणि नांदेड-लातूरकडं लग्नाच्या वयाची पोरं टक्कल झाकायला कर्ज काढून टेबलावर झोपतात, तेव्हा घरातलं कुणी हे विचारतही नाही.

विमा कंपनीचं उत्तर ठरलेलं आहे. रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पॉलिसीत बसत नाही. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची पुनर्रचना बसते. पण त्याच नियमात आणखी एक अपवाद आहे : आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनं तसं लिहून दिलं, तर खर्च मागता येतो. संसर्ग रक्तात पसरला असेल तर ते प्रमाणपत्र मागून घ्याच. कंपनीनं तरी नाही म्हटलं, तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी विमा लोकपाल पुण्यात बसतात.

सरकारकडून मदत मिळेल? २ जुलै २०१२ ला जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. आज तिला महात्मा फुले यांचं नाव आहे. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया तीत नाही आणि ते योग्यच आहे. किडनीच्या रुग्णाचा पैसा नाकाच्या शेंड्यावर जाऊ नये. मात्र हेच सरकार जीएसटी लावताना आरोग्यसेवेला सूट देतं आणि हौसेच्या कॉस्मेटिक सर्जरीला त्या सूटीतून वगळतं. कर घ्यायला ही सेवा दिसते, मग तिच्यावर देखरेख ठेवायला का दिसत नाही? महाराष्ट्रानं केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा अजून स्वीकारलेला नाही. आपल्याकडं १९४९ चा नर्सिंग होम कायदा चालतो, तो खाटा असलेल्या ठिकाणांसाठी. सकाळी खुर्चीत बसवून संध्याकाळी घरी पाठवणारं केंद्र त्यातून सहज निसटतं. यूट्यूब बघून हेअर ट्रान्सप्लांट शिकता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये लेखी सांगावं लागलं. यावरून काय ते समजा.

मग चिघळलेली जखम घेऊन माणूस जाणार कुठं? पैसे संपलेले असतात. नांदेडच्या विष्णुपुरीला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका दिवसात २४ मृत्यू पाहिलेल्या त्याच सरकारी रुग्णालयात. खाजगी केंद्रानं नफा ठेवून घ्यायचा आणि बिघाड तिथल्या खाटेवर टाकायचा, ही गरिबाच्या खाटेची चोरी आहे. रुग्णाला तिथं उपचार मिळालेच पाहिजेत, पण खर्च केंद्राकडून वसूल व्हावा. फ्रान्सच्या ‘पीआयपी’ कंपनीच्या स्तनरोपणांत भेसळयुक्त जेल निघालं, तेव्हा २०१२ मध्ये ब्रिटिश सरकारनं हीच भूमिका घेतली : ज्या क्लिनिकनं बसवलं त्यानं काढावं, ते टाळत असेल तर सरकारी रुग्णालय काढेल आणि पैशासाठी क्लिनिकच्या मागे लागेल.

प्लास्टिक सर्जरी म्हणजे थेर, असं कुणी म्हणू नये. लातूरला डॉ. विठ्ठल लहाने यांनी ‘स्माइल ट्रेन’सोबत दुभंगलेल्या ओठांच्या हजारो मुलांवर मोफत शस्त्रक्रिया केल्या. अशा मुलाला ओठानंतर टाळूची, पुढं नाकाचीही शस्त्रक्रिया लागू शकते. हे पहिल्या दिवशीच आईबापांना सांगितलं जातं आणि ते उपचारातच धरलं जातं. हौसेच्या शस्त्रक्रियेलाही हाच नियम लावा. संमतीपत्रावर सहीआधी तीन गोष्टी लिहून मागा : कापणाऱ्याची पदवी, त्याच्या व्यावसायिक विम्याचा क्रमांक, आणि दुरुस्ती किती काळ कुणाच्या खर्चानं. लिहून देत नसेल तर उठून या.

आणि ऑपरेशन होऊन बिघडलंच असेल तर? उपचाराचे कागद मागा, मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. थोडे पैसे परत देऊन ‘यापुढे तक्रार नाही’ असं लिहून घेतलं जात असेल तर सही करू नका. ग्राहक आयोगात जा. नाक मनासारखं झालं नाही एवढ्यावर हलगर्जी सिद्ध होत नाही, म्हणून दुसऱ्या सर्जनचं लेखी मत आधी घ्या. केंद्र पुण्यात असो की हैदराबादेत, २०१९ च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नांदेडला किंवा लातूरलाच करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि बिल नसेल तर सगळंच अवघड, तेव्हा पैसे भरताना पक्की पावती घ्या.