मायक्रोवेव्हपुढची समता

मराठी मध्यमवर्गीय घरातून परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या बॅगेत भाजणी असते, कुकर असतो आणि वजनकाट्यावर न येणारा आठाचा पाढा असतो. २०२४ साली स्वीडनचा एक क्रोना साधारण ८ रुपयांना पडायचा. त्यामुळे लुंड या तिथल्या शहरातले सुरुवातीचे दिवस आम्ही गुणाकारात काढले. कॉफी ४० क्रोना, म्हणजे ३२० रुपये. तेवढ्यात घरी अख्ख्या आळीचा चहा झाला असता. केस कापण्याचा भाव ऐकल्यावर तर आमच्यातल्या एकाने सरळ ऋषिमुनींचा मार्ग धरला.

गंमत म्हणजे कागदोपत्री आम्ही खाऊनपिऊन सुखी होतो. शिकण्यासाठी राहायचा परवाना हवा तर महिन्याला १०,३१४ क्रोना खर्चायची ऐपत दाखवावी लागे, आणि ती आम्ही दाखवली होती. बाबांनी ठेवी मोडून दाखवली होती, हा भाग अर्जात विचारलेला नव्हता. शिवाय फी. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना ती २०११ पासून लागू झाली. शेजारच्या खोलीतल्या स्वीडिश मुलीला फी तर नाहीच, वर सरकारकडून अनुदान आणि हवं तर कर्ज. ते दर महिन्याच्या २५ तारखेला जमा होतं. त्या संध्याकाळी कॉरिडॉरच्या सामाईक स्वयंपाकघरात पिझ्झाचा वास सुटला की आम्ही कॅलेंडर न बघता तारीख सांगायचो.

बरं, पैसे असले तरी ते दिसत नाहीत. युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा १६६१ साली स्वीडनमध्येच निघाल्या, आणि आता त्याच देशात कितीतरी दुकानांच्या दारावर रोख घेत नसल्याची पाटी असते. निघताना बाबांनी मुद्दाम मिळवून दिलेली २० क्रोनांची नोट पाकिटात तशीच राहिली. तिच्यावरच्या लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन रोज माझ्याकडे बघायच्या, मी त्यांच्याकडे. मित्रामित्रांतला व्यवहार फोनवरच्या स्विश या पैसे पाठवायच्या ॲपवर चालतो. त्याला बँकेची ओळख लागते, बँकेला पर्सूननुम्मर, म्हणजे तिथला ओळख क्रमांक, लागतो, आणि तो करखात्याच्या सवडीने मिळतो. तोवर खिशात पैसे असूनही आपण सगळ्यांचे देणेकरी. निम्म्या कांद्याचीही उधारी लिहून ठेवलेली असते, आणि ती मागताना कोणी कानकोंडं होत नाही.

मला हळूहळू उमगत गेलं ते इथेच. आपल्याकडे काटकसर घरात करायची असते. चारचौघांत 'अहो, राहू द्या, मी देतो' म्हणत बिलावर झडप घालायची असते. तिथे काटकसर भर बाजारात मान ताठ ठेवून फिरते. दुपारी बारा वाजता विद्यापीठात मायक्रोवेव्हची रांग बघावी. भिंतीला ओळीने मायक्रोवेव्ह, आणि त्यांच्यापुढे हातात डबा घेतलेले विद्यार्थी, संशोधक, प्राध्यापक. एकदा माझ्यामागे आमचेच प्राध्यापक उभे होते. तिथे 'सर' म्हणायची पद्धत नाही, नावानेच हाक मारायची. ती माझ्या घशातून निघेना. त्यांच्या प्लास्टिकच्या डब्यात कालचा पास्ता होता आणि झाकण एका कोपऱ्यात वितळून वाकडं झालं होतं. माझ्या डब्यात कालची मुगाची खिचडी. "वास छान आहे," ते म्हणाले, आणि आत फिरणाऱ्या काचेच्या तबकडीकडे आम्ही दोघं सारख्याच आशेने बघत राहिलो.

रिकाम्या डब्याबाटल्यांचंही तेच. दुकानातल्या यंत्रात एकेक सोडायचा, शेवटी हिरवं बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची. विकत घेताना भरलेली अनामत बिलातून वजा. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी निळी पिशवी खांद्यावर टाकून निघालेला मुलगा गरीब आहे की नुसता व्यवस्थित, हे ओळखायची सोय नाही. पुण्यात हेच करायचं तर मी तोंडाला रुमाल बांधला असता. मुदत संपत आलेलं, निम्म्या किमतीचा स्टिकर लावलेलं दही उचलतानाही कोणी इकडेतिकडे बघत नाही. आपल्याकडे गरिबी लपवण्यावर जो खर्च होतो, तो तिथे पूर्ण वाचतो.

मात्र या समतेची एक गैरसोय आहे. सगळेच डबा खातात म्हटल्यावर कोणाच्या डब्यात सलग तिसऱ्या दिवशी नुसता भात आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आलं तरी विचारणार कोण? ते दुसऱ्याच्या खासगीत नाक खुपसणं झालं. आपल्याकडच्या काकू "एवढ्यावर भागतं का रे तुझं?" म्हणत भातावर आमटी ओतून मोकळ्या होतात, आणि ती बातमी संध्याकाळपर्यंत चार घरी पोचवतात. आमटी हवी तर बातमीही सोसावी लागते.

दोन्ही पद्धतींचा मी नीट विचार केला आहे. महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मी स्वीडिश पद्धतीचा कट्टर पुरस्कर्ता असतो. वीस तारखेनंतर मला काकू लागतात.