आधी थोडं सैल

टर्बो बसवायला निघालेल्या माणसाच्या गॅरेजात सगळ्यात शेवटी दिसणारी वस्तू म्हणजे टर्बो. माझ्या मेहुण्याचा अजून खोक्यातच आहे. बाहेर आहे ते त्याच्या जुन्या एस्टीमचं इंजिन, आणि तेही एका जागी नाही. क्रँक एकीकडे ग्राइंडिंगला, हेड दुसरीकडे फेसिंगला; ब्लॉक तेवढा उद्यमनगरातून बोअरिंग होऊन परत आलाय. त्याच्याशेजारी आहेत वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले चार नवे पिस्टन. त्यांना हात लावायला भाच्याला सक्त मनाई आहे. मला परवानगी आहे, पण ती बॅटरी धरण्यापुरती. ‘दाजी, जरा इकडं उजेड पाडा,’ एवढाच माझा या यज्ञातला वाटा.

टर्बोची कल्पना खरं तर काटकसरी माणसाला भावावी अशी. सायलेन्सरकडे फुकट निघालेल्या धुरावर एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात जादा हवा कोंबायची. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचं पेटंट घेतलं. पंखा मिनिटाला लाखावर फेरे घेतो. अर्धा बार जादा दाब म्हणजे ढोबळमानाने दीडपट हवा, तिच्या हिशेबात पेट्रोल आणि म्हणून ताकद. अडचण एवढीच, की या 1298 सीसीच्या इंजिनातला प्रत्येक तुकडा 85 हॉर्सपॉवरच्या संसारासाठी जन्मलेला. त्याला न विचारता दीडपट काम अंगावर टाकलं, तर तो एक दिवस ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो.

म्हणून मेहुण्याने पहिलं काम काय केलं, तर इंजिनाची ताकद कमी केली. नवे पिस्टन माथ्यावर खोलगट आहेत, त्यामुळे कॉम्प्रेशन साडेआठाच्या आसपास उतरतं. जादा हवा कोंबून ती पुन्हा तितकीच दाबली, तर ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपण भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसू लागतात.

हे माहीत असूनही अमेरिकेत ओल्ड्समोबिलवाल्यांनी 1962 च्या जेटफायरमध्ये कॉम्प्रेशन 10.25 ठेवलं. टर्बोही हवा आणि दाबही सोडायचा नाही! उपाय म्हणून पाणी आणि मेथॅनॉल यांचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली आणि त्याला ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ असं भारदस्त नाव दिलं. त्याची वेगळी टाकी मालकाने भरत राहायची होती. मालकांनी ती भरली नाही. टाकी कोरडी पडली की गाडी स्वतःच दाब आवरता घ्यायची, आणि रॉकेट घेतलेला माणूस तक्रार घेऊन शोरूमच्या दारात. पुढे कित्येक गाड्यांचे टर्बो काढून तिथे साधा कार्ब्युरेटर बसवला गेला. सोळा वर्षांच्या मुलाला रोज कूलरमध्ये पाणी भरायला लावून पाहिलेल्या कुणालाही हा शेवट आधीच सांगता आला असता.

मला सगळ्यात आवडतं ते रिंगांचं काम. पिस्टनची रिंग पूर्ण गोल नसते, तिला एका जागी फट असते. तापली की रिंग लांबते आणि ती फट वापरते. साध्या इंजिनात बोअरच्या हजारामागे चार भाग फट पुरते; टर्बोला सहा लागतात. म्हणजे 74 मिलिमीटरच्या बोअरला 0.30 ऐवजी साधारण 0.44. कंजुषी केली तर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडर घट्ट धरते आणि पिस्टनची कड तुटते. मेहुणा एकेक रिंग बोअरमध्ये सरकवतो, पिस्टनने ढकलून सरळ करतो, फिलर गेज घालतो, बाहेर काढतो, घासतो. एकच टोक, तेही बाहेरून आतल्या बाजूला, नाहीतर वरचा मुलामा उडतो. जास्त घासली तर रिंग फुकट. आमच्या ऑफिसात बढती देताना एवढं कुणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही.

फोर्ज केलेले पिस्टनही तसेच. जास्त फुगतात, म्हणून भिंतीपासून जादा अंतर ठेवून बसवायचे. गार असताना ते खडखडणार. लाखभर रुपये ओतल्यावर गाडीचा आवाज आधीपेक्षा वाईट येणार, आणि मेहुणा त्या आवाजाची आतुरतेने वाट पाहतोय.

उलट ब्लॉक जुना असला तरी त्याला खंत नाही. 1983 साली नेल्सन पिके ज्या बीएमडब्ल्यू टर्बोवर फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला, त्या दीड लिटरच्या इंजिनाचा ब्लॉक मुळात रस्त्यावरच्या गाडीचा होता. आणि भरपूर पळालेले जुने ब्लॉकच पसंत केले जात, असं सांगतात. ओतकामातले ताण एकदाचे निवळलेले असतात म्हणे. हा दाखला तो दर पाहुण्याला ऐकवतो. गाडीत असे फेरफार करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मात्र मलाच काढावं लागतं. त्यावर, ‘ट्रॅकवरच चालवणार की!’

रविवारी आबा, म्हणजे माझे सासरे, गॅरेजात डोकावले. पिस्टन पाहिले, बिलं पाहिली.

‘एवढं करून देणार किती?’

‘सव्वाशेच्या पुढं, आबा.’

‘ते नव्हं. लिटरला.’

मेहुणा रिंग घासत राहिला. आबांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. ‘आणि जावईबापू, बॅटरी धरायचं तुम्हांस्नी काय देतो ह्यो?’