फक्त फॉर्मॅट राहिलंय

घोडेगावात तहसील कचेरी आहे, कोर्ट आहे, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. त्यामुळे एसटी स्टँडवर उतरणाऱ्या निम्म्या माणसांच्या हातात कॅरीबॅगेत कागद असतात. कुणाचा सातबारा, कुणाचा जातीचा दाखला, कुणाची कोर्टाची तारीख. ह्या गर्दीत खांद्याला लॅपटॉप अडकवलेले आणि तरीही हातात झेरॉक्सचा गठ्ठा असलेले गृहस्थ दिसले, की ते पेपरवाले सर समजावेत. त्यांना कुणीही विचारावं, "काय सर, झाला का पेपर?" उत्तर ठरलेलं आहे. "झालाच म्हणायचा. फक्त फॉर्मॅट राहिलंय."

सिनियर कॉलेज असलेल्या प्रत्येक गावात असे एक सर असतात. ही जात आपोआप उपजलेली नाही. २०१० साली यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीला एपीआय नावाचे गुण जोडले आणि शोधनिबंध ही ज्ञानाची बाब होती ती पगाराची झाली. तेव्हापासून स्टाफरूममध्ये "काय वाचताय?" हा प्रश्न बंद पडला. "कितवा चाललाय?" असं विचारतात.

आमच्या सरांचा विषय अर्थशास्त्र. चालू निबंधाचं नाव : 'आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील बाळहिरडा संकलकांच्या आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : कालखंड २०१५ ते २०२०)'. कंसातल्या विशेष संदर्भाशिवाय शीर्षक छापणं म्हणजे सरांना उघड्या अंगाने लग्नाला गेल्यासारखं वाटतं.

निबंधाची सुरुवात 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' इथून होते. मग महाराष्ट्र, मग सह्याद्री, मग पुणे जिल्ह्याचं भौगोलिक स्थान, अक्षांश-रेखांशांसह. तालुक्याच्या वेशीपर्यंत पोचायलाच चार पानं जातात. हिरड्याचं पहिलं झाड पाचव्या पानावर येतं आणि तेही शास्त्रीय नावाने. मग उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, पन्नास उत्तरदाते. गृहीतक असं की संकलकांची आर्थिक स्थिती समाधानकारक नाही. सात तक्ते ओलांडून निष्कर्ष येतो : संकलकांची आर्थिक स्थिती समाधानकारक नसल्याचे दिसून येते. शेवटी शिफारस, शासनाने याकडे लक्ष द्यावे. शासनाचं प्रकल्प कार्यालय सरांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण शिफारस जर्नलमार्फत जावी लागते.

खरी लढाई डीटीपीच्या दुकानात. सरांचं मूळ टायपिंग श्रीलिपीत, जर्नलला हवं युनिकोड. कन्व्हर्टर फिरवला की प्रत्येक पानावरचे रफार उठून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात आणि ऱ्हस्व वेलांट्या घर सोडतात. मग सर दुकानदाराच्या पोराशेजारी स्टूल घेऊन बसतात आणि स्क्रीनवर बोट टेकवून एकेक 'आर्थिक' दुरुस्त करून घेतात. त्या पोराचं शिक्षण बारावी नापास. पण 'संदर्भसूची कुठल्या फॉन्टात, तळटीप किती पॉइंटात' हे तो आता सरांना सांगतो. "सर, मागच्या जर्नलला दीड स्पेसिंग होतं, ह्याला सिंगल लागतं." सर वहीत लिहून घेतात.

वाङ्मयचौर्याची तपासणी हाही एक आनंदसोहळा. २०१८च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ केलं. सरांनी एकदा श्रीलिपीतलीच फाइल सॉफ्टवेअरला खाऊ घातली. यंत्राला त्यात नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसली. साम्य शून्य टक्के! "भारत हा कृषिप्रधान देश आहे हे आजवर कुणीच लिहिलेलं नाही," असं प्रमाणपत्र मिळवणारे ते बहुधा एकमेव अर्थशास्त्रज्ञ.

सरांच्या मोबाइलवर रोज सकाळी परदेशी थाटाच्या जर्नलांचे मेल येतात. सकाळी निबंध पाठवा, जेवणाआधी स्वीकृती, सोबत पैसे भरायचा क्यूआर कोड. सर त्या वाटेला जात नाहीत. तत्त्व म्हणून नव्हे, छाननी समितीच्या धाकाने. सरांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता : यूजीसी-केअरची यादी. २०१९ साली ती आली, तिचा कारभार आपल्याच पुणे विद्यापीठातून चालायचा, ह्याचा सरांना माहेरच्यासारखा अभिमान. जर्नल यादीत आहे का, एवढंच बघायचं. आत काय छापतात ते बघायची गरज नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने यादीच बंद केली. चांगलं जर्नल कुठलं ते निकष लावून तुम्हीच ठरवा म्हणाले. सर दोन दिवस सुतकात असल्यासारखे वावरले. "आपणच ठरवायचं? मग यूजीसी कशाला आहे?"

शेवटी मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी निबंध एका खऱ्याखुऱ्या जर्नलला पाठवला. जर्नलने पैसे मागितले नाहीत. सरांना तिथेच संशय आला. काही महिन्यांनी समीक्षकाचा अभिप्राय आला. फॉन्टबद्दल चकार शब्द नाही. फक्त प्रश्न. बाळहिरडा नेमका कधी उतरवतात? ओला किती वाळला की किती भरतो? दर कोण ठरवतं? २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात झाडं पडली, त्याचा परिणाम तुमच्या तक्त्यात का नाही? आणि शेवटी : 'लेखकाने प्रत्यक्ष काय पाहिले?'

सर संतापले. "फुकट छापतात आणि वर प्रश्न विचारतात!"

गंमत अशी, की ह्या प्रश्नांची उत्तरं तालुक्यात सरांइतकी कुणाला माहीत नसतील. त्यांचं घर मूळचं वरच्या पट्ट्यातलं, तळेघरच्या बाजूचं. आठळी धरायच्या आत कोवळं फळ उतरवायचं, उन्हाळ्यात माणसं दिवसभर झाडावर, अंगणात माल वाळत घातलेला असताना वळीव आला तर कसं धावायचं, व्यापाऱ्याचा काटा कुठल्या बाजूला झुकतो आणि तरी त्यालाच माल का घालतात, कारण लग्नाला उचल त्यानेच दिलेली असते : हे सगळं सरांनी चहाच्या टपरीवर आम्हाला तासभर सांगितलं. कप गार झाला. मी म्हटलं, "सर, हेच लिहा की!"

"लिहिलं असतं. पण संदर्भ कुणाचा देऊ? हे सगळं आईने सांगितलंय."

त्यांचा प्रामाणिकपणा अस्सल होता. आडनाव, साल, प्रकाशक, पृष्ठ क्रमांक यांतलं आईकडे फक्त आडनाव होतं. मग डीटीपीवाल्या पोरानेच तोड काढली. एपीए पद्धतीत म्हणे 'वैयक्तिक संवाद' असा संदर्भ मजकुरात देता येतो, तो संदर्भसूचीत घालावाही लागत नाही. नाव लिहायचं आणि संवादाची तारीख.

सर उजळले, आणि लगेच मावळले. "तारीख कुठली घालू? ती जन्मभर सांगतेय."

आठवड्याने भेटले तेव्हा चेहरा शांत होता. निबंध पुन्हा पाठवला होता. भारत कृषिप्रधान नसल्याने पानं चारने कमी झाली होती. व्यापाऱ्याचा काटा आत आला होता, लग्नाची उचलही.

"आणि तारखेचं काय केलंत?"

"त्या दिवशीचीच घातली. रात्री तिला मुद्दाम विचारायला बसलो, म्हटलं संवाद व्हायला पाहिजे."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, 'येवढं शिकलास आन् हिरडा मला इचारतोस व्हय?' ते वाक्य कुठे बसवायचं तेवढं बघतोय. बाकी सगळं झालंय. फॉर्मॅटसुद्धा."