पाचवा माणूस

यवतमाळहून पुसदला दारव्हा-दिग्रसवरून जाता येतं. माझे साडभाऊ सोबत असले की हाच रस्ता बँकॉकवरूनही जातो. पाच रात्री, सहा दिवसांची थायलंड सहल करून आल्यापासून त्यांना दर मैलाला तिकडचं काहीतरी आठवतं. पहाटे चारला जीपमध्ये सामान चढवताना मोठ्या मेहुण्यांनी त्यांच्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली, तर ते दचकून म्हणाले, "असं करू नका हो, तिकडे याला विंगराव म्हणतात."

"कोन विंगराव?" मेहुण्यांना वाटलं, दिग्रसकडचे कुणी सोयरे असतील.

विंगराव म्हणजे हिसका मारून पळणं. थाई भाषेत 'विंग' म्हणजे धावणं. साडभाऊंनी बँकॉकला खिशात मावेल असा शब्दकोश घेतला होता आणि त्यातलं चोऱ्यांचं एकच पान पाठ केलं होतं. कारण विचारलं तर म्हणाले, "जेवण, पाणी, हॉटेल हातवाऱ्यांनी भागतं. चोर आला की हात वर असतात."

आम्ही निघालो होतो रोडग्यांना. पुसदजवळच्या एका देवस्थानी नवस फेडायचा होता. बायका आदल्या दिवशीच पुढे गेल्या होत्या. जीपमध्ये मी, साडभाऊ, मेहुणे, त्यांचा दहावीतला मुलगा आणि ड्रायव्हर. पायाशी जाडसर कणकेचं पोतं, गोवऱ्या, दहा किलो वांगी, दोन किलो तिखट, सामान बांधायला नायलॉनची दोरी, रोडगे उलटायला दोन लोखंडी सळ्या आणि गोवऱ्यांखाली वाळलेलं गवत घालायचं म्हणून एक विळा. ही यादी ध्यानात ठेवा.

दारव्ह्याला चहा घेतला. मोतीबाग स्टेशनाचा विषय निघाला आणि अर्थातच शकुंतलेचा. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरपर्यंत, तिथून मुंबईला आणि पुढे विलायतेला जावा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी कंपनीने घातलेली ही अरुंद रेल्वे. देश स्वतंत्र झाला, तरी कितीतरी दशकं गाडी चालवायची आपली रेल्वे आणि रुळांची मालक मात्र कंपनीच. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. मी म्हटलं, "या गाडीवर दरोडा घालणं अवघड. दरोडेखोर घोड्यावरून आला, तर गाडी येईपर्यंत घोड्याला दोनदा दाणा-पाणी करावं लागेल."

"पण लूट तर झालीच," मेहुणे म्हणाले. त्यांची पाच एकरांत पऱ्हाटी आहे, त्यामुळे हा शब्द त्यांच्या तोंडात कायम असतो.

"लूट हा शब्दसुद्धा त्यांनीच नेला," साडभाऊ म्हणाले. आणि ते खरंच आहे. इंग्रज इकडे आला तेव्हा त्याच्या पोतडीत चोऱ्यांचे शब्द कमी नव्हते. गुपचूप नेलं तर थेफ्ट, धाक घालून नेलं तर रॉबरी, घर फोडलं तर बर्गलरी. त्यातही जुन्या इंग्रजी कायद्यात बर्गलरी रात्रीच व्हायची. भरदुपारी घर फोडणाऱ्याला तो शब्द मिळत नसे. एवढी समृद्धी असताना त्याने आपल्याकडचे लूट, ठग, डकैत हे तीन शब्द उचलले. तीन माणसांनी उचलले असते, तर थायलंडात त्याचं कलम वेगळं लागलं असतं.

हे साडभाऊंचं आवडतं प्रकरण. आपला चोर संस्कृतातून थाई भाषेत गेला. लिहिताना तिथेही शेवटी 'र'च आहे, पण त्यांच्याकडे शब्दाअंती 'र' आला की तो 'न' होतो, म्हणून बोलताना 'चोन'. चोरकर्माचं 'चोरकम' झालं. आपल्या द्रव्याचं 'सप' झालं. 'लक सप' म्हणजे साधी चोरी, 'छिंग सप' म्हणजे जबरी चोरी. आणि तिघं किंवा अधिक मिळून जबरी चोरी केली की तिला 'प्लोन' म्हणायचं.

"म्हणजे दरोडा," मी म्हटलं.

"छे! आपल्याकडे दरोड्याला पाच लागतात. चौघांनी कितीही लुटलं तरी ती जबरी चोरीच. पाचवा आला की दरोडा. तिकडे तिघांत काम होतं. महागाई हो, दुसरं काय!"

एवढ्यात समोर टॉर्च हलला. नाकाबंदी. कुठल्या गावाच्या हद्दीत ते सांगत नाही, माणसं चांगली होती.

"किती जन हाये गाडीत?"

"पाच!" मुलाने पाढे म्हटल्यासारखं खणखणीत उत्तर दिलं.

तरुण हवालदाराने टॉर्च आमच्या पायांशी मारला. तिखट. दोरी. विळा. लोखंडी सळ्या. मी रोज पेपर वाचतो. 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद' या बातमीखाली जप्त मालाची जी यादी येते, ती वर्षानुवर्षं हीच आहे. अख्खी बातमी आमच्या गाडीत बसली होती, फक्त फोटो काढायचा राहिला होता.

"कुठं चालले इतक्या पहाटं?"

"रोडगे कराले," मेहुणे म्हणाले.

"मंग विळा कायले?"

इथे गप्प बसायचं असतं. साडभाऊ खाली उतरले. "साहेब, ड्रायव्हर भाड्याचा आहे. तो वगळला तर आम्ही चारच. चौघांवर दरोड्याची तयारी लागत नाही. आता थायलंड असतं, तर गोष्ट वेगळी. तिथे तीन पुरतात."

"थायलंडले कायले गेल्ते? टोळी जमवाले?"

हवालदाराने खिशातून छोटं पुस्तक काढलं. "पह्यले ३९९ होतं. १ जुलै २०२४ पासून समदं बदललं. आता ३१० चं पोटकलम चार. दहा वर्षं हाये बरं." आवाजात धमकी नव्हती. पाठांतर बरोबर आल्याचं समाधान होतं. साडभाऊंनाही राहवलं नाही. "आणि ३०४ नवीन आलं ना? हिसकावण्याचं? तेच हो, विंगराव!" दोघं टॉर्चच्या उजेडात पुस्तकात डोकी घालून बसले. वर्गात पहिल्या बाकावरची दोन मुलं भेटावीत तसं.

आमची सुटका केली ती म्हाताऱ्या जमादाराने. त्याने पोत्यात हात घातला, एक वांगं दाबून पाहिलं, गोवऱ्या मोजल्या आणि म्हणाला, "सोड रे त्याईले. दरोड्याले गोवऱ्या कोनी नेत नाही." कलमांच्या पुस्तकात हे कुठेही नाही.

पुसद येईपर्यंत मी तो विळा मांडीवर घेऊन बसलो होतो. याच तालुक्यात १० जुलै १९३० रोजी वणीचे लोकनायक बापूजी अणे विळा घेऊन राखीव जंगलात शिरले आणि त्यांनी गवत कापलं. जंगल सत्याग्रह. सरकारने बापूजींना पकडलं आणि चोरीच्या कलमाखाली सहा महिने आत टाकलं. चार पेंढ्या गवत ही 'चोरी', आणि मोतीबागेवरून वर्षानुवर्षं गेलेल्या कापसाला इंग्रजीत शब्द होता 'ट्रेड'. पुढे हेच गवतचोर बिहारचे राज्यपाल झाले. म्हणून मी हल्ली शब्दापेक्षा आधी बघतो, पंचनामा लिहितोय कोण.

रोडगे उत्तम झाले. दर्शन घेऊन बाहेर आलो, तर साडभाऊंच्या बँकॉकच्या नव्याकोऱ्या चपला नव्हत्या. लक सप, छिंग सप, थेफ्ट, रॉबरी, सगळं पाठ असलेला तो माणूस अनवाणी उभा राहून नुसता "अरे! अरे!" करत होता. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या जावाईबापू, पीडा गेली." देवळाच्या पायरीवर मराठीत चोरीला हा शब्द आहे, आणि त्यावर तक्रार घेत नाहीत.

तेव्हा वाचकहो, रोडग्यांना जरूर जा. पण जीपमध्ये चौघंच बसा आणि पाचव्याला एसटीने येऊ द्या. गोवऱ्या सगळ्यांत वर, दिसतील अशा ठेवा. आणि विळा सोबत असेल तर पुसदच्या हद्दीत गवताकडे बघू नका.