पाइपधारी साठेबाज

अमेरिकेतील पाइप ओढणाऱ्यांमध्ये साठेबाजांची एक स्वतंत्र जात आढळते, आणि तिच्या दोन पोटजातींमधील मतभेद शैव-वैष्णवांच्या जुन्या वादाइतकेच कडवे, पण पुष्कळच निरुपद्रवी असतात. पहिली पोटजात डबापंथीयांची; हे लोक तंबाखू 50 किंवा 100 ग्रॅमच्या हवाबंद पत्र्याच्या डब्यातच विकत घेतात. दुसरी सुटीपंथीयांची, हे लोक तोच माल पौंडाच्या, म्हणजे सुमारे 454 ग्रॅमच्या, हिशेबाने पिशवीतून आणून घरच्या काचेच्या बरण्यांत भरतात.

डबापंथीयाच्या मते तंबाखूचे निम्मे सुख झाकण उघडण्यात असते. झाकणाच्या कडेत नाणे घालून ते हलकेच पिळले की आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ असा आवाज होतो. मग आतला कागद बाजूला सारून तो डब्यात नाक खुपसतो आणि सुक्या अंजिराचा, गवताचा व किंचित व्हिनेगरचा वास आल्याचे जाहीर करतो, जरी त्याच्या पत्नीला तेथे केवळ तंबाखूचाच वास येत असला तरी. व्हर्जिनिया जातीच्या पानात साखर अधिक असल्याने ते बंद डब्यात वर्षानुवर्षे मुरते, तर लाताकिया, म्हणजे धुरी देऊन वाळवलेले पान, काळाबरोबर मवाळ होते, हे शास्त्र त्याला मुखोद्गत असते, आणि म्हणूनच तो डबे विकत घेतो पण उघडत नाही. कॅन्सस सिटीची मॅक्लेलँड ही पाइपची तंबाखू बनवणारी कंपनी 2018 मध्ये बंद झाली, तेव्हा या पंथाने रीतसर शोक केला आणि डोळे पुसता पुसता शिल्लक डबे उचलले.

सुटीपंथीयाला हा सारा थाट उधळपट्टीचा वाटतो, कारण पत्रा काही ओढता येत नाही. जॉन लँडिस मेसन याने 1858 मध्ये पेटंट घेतलेल्या, आट्यांच्या झाकणाच्या बरणीवर त्याची अपार भक्ती असते. बरण्या उकळत्या पाण्यातून काढून, कोरड्या करून, तंबाखू भरून, तारखेची चिठ्ठी डकवून तो त्या तळघरात ओळीने मांडतो, आणि मुरंब्यासाठी आणलेल्या बरण्या कुठे गेल्या, या प्रश्नाला उत्तर देण्याचे टाळतो. पौंडामागे किती डॉलर वाचले हे तो दशांशापर्यंत सांगतो. मात्र वाचलेल्या पैशांतून आणखी दोन पौंड मागवले, हा तपशील तो हिशेबात धरत नाही.

अशा रीतीने एक जण रसिकतेच्या आणि दुसरा काटकसरीच्या नावाखाली गरजेच्या कित्येक पट माल घरात भरतो. पाइपच्या एका भरणीस 3 ग्रॅम तंबाखू लागते असे धरल्यास, दिवसातून एकदा ओढणाऱ्याला 40 पौंडांचा साठा सुमारे साडेसोळा वर्षे पुरतो. हे गणित दोन्ही पंथांना येते आणि सवलतीची जाहिरात दिसताच दोन्ही पंथ ते विसरतात.