नवे अक्षर जुने करण्याची कृती

साहित्य: एक धडधाकट अक्षर, एक संगणक आणि दुकान परवा उघडायचे असूनही पाटीवर पणजोबा दिसायला हवेत, असा हट्ट धरणारे एक गिऱ्हाईक.

आधी गुरू करावा. या विद्येतले मोठे पीठ म्हणजे ‘कॅस्लन अँटिक’ हा रोमन लिपीचा टाइप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्न नाडाल यांनी तो घडवला आणि शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने विकला. जन्मतःच कडा खाल्लेल्या, अक्षरे किंचित डुलणारी. पहिले नाव ‘फिफ्टीन्थ सेंच्युरी’, म्हणजे बारशालाच वय चारशे! पुढे त्याला कॅस्लन हे आडनाव चिकटवले. लंडनचे विल्यम कॅस्लन १७६६ सालीच निवर्तले होते, त्यामुळे दत्तकविधानाला हरकत घेणार कोण?

आता झीज. छापखान्यातला खरा खिळा, म्हणजे धातूचे अक्षर, शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा. हजारो ठसे उमटवून आधी त्याची नाजूक टोके जातात, मग पोकळीत शाई तुंबते. प्रत्येक खिळा आपापल्या नशिबाने झिजतो. एकाच ओळीतले दोन ‘क’ वेगवेगळे म्हातारे होतात. संगणकावर मात्र एक ‘क’ पोखरला की झाडून सगळे ‘क’ त्याच जागी पोखरलेले, जणू सात भावंडांचा तोच दात पडलाय. चोरी इथेच पकडली जाते. म्हणून प्रत्येक अक्षराची तीन-चार दुखणी काढून फाँटला ती आलटूनपालटून वापरायला लावावी. एवढा उत्साह नसेल, तर गिऱ्हाइकाला दुकानाचे नाव बदलायला सांगावे. ‘काका’ बाद, ‘मामा’ बाद, ‘दादा’ तर बादच.

रोमन अक्षरांच्या टोकांना असतात तसे बारीक फाटे, म्हणजे सेरिफ, देवनागरीत नाहीत. तिथे कुरतडणारा उंदीर शिरोरेघेवर सोडावा. पण अनुस्वाराशी त्याची गाठ पडू देऊ नये. आमच्या हातून एकदा टिंब गेले आणि बरणीवर ‘आबापोळी’ छापून आली. गिऱ्हाइकाच्या घरी खरेच एक आबा होते.

या कामाआधी जावजी दादाजींची तसबीर जवळ असल्यास पालथी घालावी. १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या या माणसाने अक्षर सुबक, ठसठशीत उमटावे म्हणून जन्म घातला. त्या काळी झिजका खिळा वितळवून पुन्हा ओतत. आपण तोच मुद्दाम घडवून वर पैसे लावणार आहोत.

शेवटची सूचना छपाईबद्दल. काम सत्तरीपुढच्या छापखानेवाल्याकडे नेऊ नये. मी नेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, आवाज पार खजील: “साहेब, अक्षरं तुटून आलीत हो सगळी. मी पुन्हा काढून ठेवतो. पैसे नकोत, पण कुणाला दाखवू नका.”